रिसेप्शनच्या स्टेजवरची रांग

धाकटी आत्या:
लॉन बुक झालं, संध्याकाळी ७ ते १०, माणसं साधारण ३००. आता कार्यक्रमाचं ठरवू. माझं एकच मागणं आहे, स्टेजवरची रांग नको. ३०० माणसं म्हणजे शंभरेक कुटुंबं. भेट, फोटो, पाकीट मिळून एका कुटुंबाला एक मिनिट धरलं तरी १०० मिनिटं होतात. शेवटच्या माणसाने पावणेदोन तास उभं राहायचं? आणि पत्रिकेत तर आपणच छापलंय, ‘कृपया आहेर आणू नये’. मग रांग कशाला?

वहिनी:
वन्सं, मग फोटो कुठे काढायचे? स्टेजच्या फुलांचा अ‍ॅडव्हान्सही दिलाय.

धाकटी आत्या:
स्टेज राहू द्या वहिनी. घरच्यांचे फोटो साडेसहालाच तिथे उरकू. सातला दोघं खाली उतरतील आणि फोटोग्राफरला घेऊन टेबलाटेबलाशी जातील. दहा-दहाची ३० टेबलं, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे दीड तास. वेळ जवळपास तेवढाच लागेल, पण पाहुणे बसलेले असतील, गप्पा मारत असतील. आणि मध्येच पंधरा मिनिटं थांबून दोघांना जेवता येईल.

नवरदेव:
आत्या, मला शंभर टक्के मान्य. ताईच्या रिसेप्शनला तिला रात्री साडेअकराला गार मसालेभात मिळाला होता. हिला तसं उपाशी ठेवायचं नाहीये.

मोठी ताई:
जिलबी तर संपलीच होती रे. आणखी एक सांगते, आजी इथे शेजारी बसलीय, तिचं म्हणणं टाइप करतेय. तिला बुफे नको. गेल्या वर्षी एका लग्नात एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताट, वाढणारा म्हणतो ‘आजी, पुढे सरका’. मठ्ठ्याचा ग्लास घ्यायला हातच उरला नाही, तशीच न जेवता परत आली. सत्तरीच्या वरच्यांची पंगत मांडाच. टेबलावर केळीचं पान, आग्रहाने वाढायला आपलीच पोरं.

काका:
पंगत पक्की. ४० पानं धरतो, केटरर्सशी आज बोलतो.

मामा:
जेवण झालं, फोटो झाले. मजेचं काय? पोरं डीजे मागतायत.

काका:
लॉन उघड्यावर आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. साडेआठला डीजे सुरू करा, पावणेदहाला थांबवा. त्याआधी सनई, हळू आवाजात, बोललेलं ऐकू येईल अशी.

धाकटी आत्या:
मजेसाठी मी एक योजलंय. टेबलांना नंबर नकोत. प्रत्येक टेबलावर आपल्या दोन्ही घरांतल्या एकेका जोडप्याचा लग्नातला फोटो ठेवू. पाहुण्यांनी ओळखायचं कोण ते. आई-नानांचा १९७४ चा काढून ठेवलाय. कृष्णधवल, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग, नानांच्या मुंडावळ्या तिरक्या झाल्यात आणि आई हसू दाबतेय. मी तो अर्धा तास बघत बसले होते. डीजेच्या आधी ज्यांचा ज्यांचा फोटो, त्या जोडप्यांनी उठून उखाणा घ्यायचा. पुरुषांनीसुद्धा! बाहेरून अँकर आणायची गरज नाही, माइक मोठ्या ताईकडे.

वहिनी:
वन्सं, हे फार आवडलं. विहीणबाईंना त्यांच्याकडचे फोटो आजच मागते. फ्रेम नको, जाड कागदावर प्रिंट काढू, म्हणजे नंतर ज्याचा त्याला देता येईल.

मामा:
मी उखाणा घेणार नाही.

मामी:
घेणार आहेत. आमचा फोटो दारातल्या पहिल्या टेबलावर ठेवा.

मोठी ताई:
आजीचा उखाणा तयारसुद्धा झाला! नाव ती तिथेच घेणार म्हणते, मी टिंबं टाकलीत:
‘पितळी डब्यात बेसनाचे लाडू,
.....रावांना सोडून मी कुठे पाऊल काढू?’
नाना ऐकून आत गेले, कागद-पेन शोधतायत.