मदत हवी आहे : एमेट कलिगन यांची पत्रं, कागदपत्रं कुठे पाहता येतील?

मंडळी, 'कलिगन' या वॉटर सॉफ्टनर (क्षारांचं जड पाणी मऊ करणारं यंत्र) कंपनीचे संस्थापक एमेट कलिगन यांच्यावर आमच्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) अंकासाठी लेख लिहितोय. जन्म १८९३, साउथ डकोटातलं यँक्टन. कंपनी १९३६ सालची, इलिनॉयमधल्या नॉर्थब्रुकची, म्हणजे ऐन महामंदीतली.

धंद्याची बाजू मला कळते. टाकीतले खडे जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. खडे भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. कलिगननी ही धुण्याची कटकट गिऱ्हाइकावर टाकलीच नाही. भरलेली टाकी न्यायची, ताजी बसवायची. मऊ पाण्याचा रतीबच म्हणा ना!

अडलंय ते पुढे. हाच माणूस कट्टर कॅथलिक, आणि जगाच्या अंताविषयीची कॅथलिक भाकितं जमवून त्याने 'द लास्ट वर्ल्ड वॉर अँड द एंड ऑफ टाइम' हे पुस्तक लिहिलं. हिशेबी उद्योजक आणि ही भाकितं एकाच डोक्यात कशी नांदत होती, हे त्यांच्या स्वतःच्या पत्रांतूनच कळेल असं वाटतं.

शिकागोच्या बाजूला कुणी राहतं का? तिथल्या ग्रंथालयात किंवा डायोसिसच्या (बिशपच्या धर्मप्रांताच्या) दप्तरात चौकशी करून द्याल? स्कॅन मिळाले तर उत्तमच, नुसती यादी मिळाली तरी चालेल. टपाल-झेरॉक्सचा खर्च मी देईन.