हक्क की अधिकार?

लेकीच्या मराठी पुस्तकात 'मूलभूत हक्क' आहे, शेजारच्या मुलीच्या हिंदी पुस्तकात 'मौलिक अधिकार'. आपल्या नागपुरात बोलताना दोन्ही चालतात. अर्थ एकच आहे का?

— ताई, माझ्या मते नाही. अधिकार पदासोबत येतो आणि पद गेलं की जातो. म्हणून अधिकारी, अधिकारपत्र, अधिकार गाजवणं. 'हक्क' मूळ अरबी, तिथे त्याचा अर्थ 'सत्य' असाही आहे. मराठीनं त्यात जिव्हाळा घातला: हक्काचं माणूस, हक्काचं घर. मावशीकडे आपण हक्कानं ताट वाढून घेतो. तो हक्क कोणी दिलेला नसतो, असतोच. अधिकार बहाल करतात. हक्क डावलतात, आणि डावलायला तो आधी असावा लागतो.

— दादा, मग सातबाऱ्यावर 'अधिकार अभिलेख पत्रक' का लिहिलंय? वस्तीतले लोक 'मालकी हक्काचे पट्टे' मागतात. पट्टा सरकारच देते ना? कागद नसेल तर हक्क सांगून उपयोग काय?

— पट्टा सरकार देते, खरं आहे. पण लोक तो 'हक्काचा' म्हणून मागतात, मेहरबानी म्हणून नाही. कागदानं हक्क शाबीत होतो, जन्मत नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयातही झाला. आणीबाणीत 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली अटक झालेल्यांना कोर्टात दाद मागता येईल का, या १९७६ च्या खटल्यात नागपूर खंडपीठातलं प्रकरणही होतं. चार न्यायमूर्ती म्हणाले, नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले: संविधान नव्हतं तेव्हाही कायद्याशिवाय कोणाचा जीव घेता येत नव्हता. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो बहुमताचा निकाल मोडीत काढला. जीवित आणि स्वातंत्र्य संविधानानं निर्माण केलेलं नाही, ते माणसात असतंच, संविधान त्याला मान्यता देतं, असं त्या निकालात लिहिलं आहे. खन्नांचं ते मत वाचताना मला आजही भरून येतं.

— मग 'निसर्गदत्त हक्क' म्हणू का?

— त्यात पुन्हा 'दत्त' आला, म्हणजे देणारा आला. मी 'जन्मसिद्ध' म्हणेन.

— पण संविधानातही 'अर्पण' आहेच की. तेही देणंच झालं.

— कोणाला अर्पण, तो शब्द बघा ताई: 'स्वतःप्रत'. संविधान चौकातून जाल तेव्हा लेकीला तेवढा एक शब्द नक्की समजावून सांगा.