गेटवर लागलेली डिमांड नोटीस: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-402: गेटवर मुंबई महापालिकेचा कागद चिकटवलाय, पाहिलात का कुणी? प्रॉपर्टी टॅक्सची थकबाकी, 21 दिवसांची अंतिम नोटीस. खाली जप्तीची भाषा आहे. मी दर महिन्याला मेंटेनन्सबरोबर टॅक्स भरतोय. माझे पैसे गेले कुठे?

बी-101: आमचे फ्लॅट 500 चौरस फुटांच्या आतले. 1 जानेवारी 2022 पासून आम्हाला मालमत्ता कर माफ आहे ना? मग थकबाकीपोटी सोसायटीचं पाणी कापलं तर आमचंही कापणार का?

सी-203: घाबरू नका हो. अभय योजना येईलच. दंड माफ झाल्यावर भरू, तोवर कशाला भरायचा?

ए-604: मला मघाशी एक फोन आला होता. "वॉर्डातून बोलतोय, आत्ता लिंकवर पैसे भरा नाहीतर संध्याकाळी पाणी बंद." मी भरले नाहीत, पण खरं होतं का ते?

खजिनदार: काकू, बरं झालं भरले नाहीत. सगळ्यांनीच लक्षात ठेवा, लिंकवर किंवा कुणाच्या मोबाइल नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. गेटवरची नोटीस मात्र खरी आहे. त्यातला लेखा क्रमांक टाकून मी महापालिकेच्या पोर्टलवर तपासलं, रक्कम जुळते. आता एकेकाचं उत्तर देते. मोठं लिहितेय, पण पूर्ण वाचा.

आपल्या इमारतीला महापालिका एकच बिल पाठवते. फ्लॅटनिहाय आकडे बिलासोबतच्या तक्त्यात असतात, पण भरायचं सोसायटीने. म्हणजे पाच जणांनी नाही भरलं तरी महापालिकेच्या लेखी थकबाकीदार आपण सगळे. बी विंगच्या लहान फ्लॅटना माफी आहे, त्यांच्याकडून कर घेतलेला नाही, घेणारही नाही. पण नळजोडणी सोसायटीच्या नावावर आहे. ती तोडली तर माफी असलेल्यांच्या घरातही पाणी येणार नाही. हे अन्यायाचं आहे, मला मान्य आहे. म्हणूनच हा विषय लांबवून चालणार नाही.

आकडे असे. कराची मूळ थकबाकी 4,86,000. त्यावर मुदत संपल्यापासून दरमहा 2 टक्के दंड. म्हणजे आपण नुसते बसून राहिलो तरी महिन्याला 9,720 रुपये वाढतात. सी-203, अभय योजनेची वाट बघण्याची किंमत ही. योजना कधी येईल, आपल्याला लागू होईल का, किती टक्के सूट मिळेल, यातलं काहीच आपल्या हातात नाही. आणि सूट मिळाली तरी ती दंडावर असते, मूळ कर भरावाच लागतो.

ए-402: माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

खजिनदार: देते काका. 4,86,000 पैकी 3,71,000 दोन दुकानं आणि तीन फ्लॅटकडून येणं आहे. उरलेले 1,15,000 सभासदांनी भरले होते, पण ते मागच्या दोन वर्षांत लिफ्टच्या आणि पंपाच्या कामाला वापरले गेले, कारण त्याच पाच जणांचा मेंटेनन्सही येत नव्हता. लेजरमध्ये सगळं दिसतं, कुणीही ऑफिसात येऊन बघा. कुणी घरी नेलेले नाहीत. पण कराच्या पैशांना कराशिवाय कशासाठीही हात लावता येणार नाही, असं वेगळं खातं उघडण्याचा ठराव मी सभेत मांडणार आहे.

सी-203: मग सिंकिंग फंड आहे ना? एवढी एफडी पडून आहे, तोडा आणि भरा.

खजिनदार: नाही. सिंकिंग फंड पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी आहे. उद्या पिलर दुरुस्त करायला निघालो तर कुठून आणणार?

सी-505: मुळात हे बिलच चुकीचं असेल. भांडवली मूल्याचे, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावावरून कर ठरवण्याचे नियम सुप्रीम कोर्टानेच रद्द केले होते ना? कोर्टात जाऊ. तोपर्यंत भरायचं नाही.

ए-402: मी नोकरीत असताना करनिर्धारणाची प्रकरणं जवळून पाहिली आहेत, म्हणून सांगतो. नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. त्यात 2010 आणि 2015 च्या नियमांतले 20, 21 आणि 22 हे नियम गेले. भांडवली मूल्यावर कर लावायची पद्धत गेली नाही. आणि लघुवाद न्यायालयात अपील करायचं तर आधी कराची रक्कम जमा करावी लागते. न भरता भांडता येत नाही. हरकत असेल तर "अंडर प्रोटेस्ट" असं लेखी देऊन भरा आणि मग भांडा.

अध्यक्ष: काका बरोबर आहेत. मी आज वॉर्डच्या करनिर्धारण व संकलन विभागात जाऊन आलो. क्रम असा सांगितला: बिल, मग डिमांड लेटर, मग ही 21 दिवसांची नोटीस, मग महापालिका कायद्याच्या कलम 203 ची जप्ती, आणि तरीही नाही भरलं तर कलम 206 खाली मालमत्तेचा लिलाव. आपण तिसऱ्या पायरीवर आहोत. काही रक्कम लगेच भरून उरलेल्याची मुदत मागायची असेल तर लेखी अर्ज करा, म्हणाले. वागणूक चांगली होती, पण आश्वासन काही दिलं नाही.

दुकान 3: सगळं आमच्यावर ढकलताय. दुकानाला टॅक्स किती लावलाय बघा! सगळ्यांना सारखा वाटून टाका, मी आज भरतो.

खजिनदार: भाऊ, सारखा वाटता येत नाही. आपल्या उपविधीत स्पष्ट आहे, प्रॉपर्टी टॅक्स स्थानिक संस्थेने ज्याला जेवढा ठरवला तेवढा. दुकानाचा वापर व्यावसायिक, म्हणून दर जास्त. तो भार 550 फुटांत राहणाऱ्या पेन्शनरवर टाकायला मी तयार नाही. तुमचं क्षेत्रफळ चुकीचं लागलं असेल तर सांगा, मी स्वतः तुमच्याबरोबर वॉर्डात येईन.

आणि एक गोष्ट सगळ्यांनीच समजून घ्या. सभेने ठरवलेलं 18 टक्के व्याज आपण थकबाकीदाराला लावतो. महापालिका आपल्याकडून वर्षाला 24 टक्के घेते. 3,71,000 वर आपल्याला येणार 66,780 आणि आपण देणार 89,040. म्हणजे उद्या पाचही जणांनी व्याजासकट भरलं तरी फरक नियमित भरणाऱ्यांच्या खिशातून जातो. मला हे रात्री झोपू देत नाही.

ए-402: पाचही जणांची नावं इथे टाका. सगळ्यांना कळू दे.

खजिनदार: नाही टाकणार काका. त्यातल्या एका घरात मिळवता माणूस गेलाय, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांच्याशी मी घरी जाऊन बोलले. हप्ते ठरलेत, पहिला जमाही झाला. ज्यांची ऐपत आहे आणि तरी भरत नाहीत त्यांच्यासाठी कायदा आहे. सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. पूर्वी यालाच 101 म्हणायचे. मागणीच्या नोटिसा, लेजरचा उतारा, समितीचा ठराव एवढं लागतं. वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. दाखल्याविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे रिव्हिजनला जायचं तर थकबाकीदाराला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. कागद मी तयार ठेवलेत, दोन प्रकरणांचे.

बी-101: ताई, मग आत्ताच्या 21 दिवसांचं काय? दाखला यायला महिने जातील.

अध्यक्ष: रविवारी सकाळी साडेदहाला गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा. नोटीस आजच लावतोय, म्हणजे पाच पूर्ण दिवस मिळतात. विषय तीनच: राखीव निधीतून (हा सिंकिंग फंडापेक्षा वेगळा) किती उचलायचे, ज्यांना जमेल त्यांनी तीन महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ द्यायचा का, आणि 154ब-29 चा ठराव. आगाऊ दिलेले पुढच्या बिलांत वळते होतील.

ए-604: मी आगाऊ देईन. चेक चालेल ना?

खजिनदार: चालेल काकू. सोसायटीच्या नावाने क्रॉस करा, मागे फ्लॅट नंबर लिहा. वॉचमनकडे नको, ऑफिसात द्या, पावती तिथेच मिळेल.

सी-203: मीपण देतो. ते अभय योजनेचं सोडा.

दुकान 3: मला माझ्या भागाचा तक्ता पाठवा. क्षेत्रफळ जास्त दाखवलंय असं माझं म्हणणं आहे. पण निम्मी रक्कम शुक्रवारपर्यंत देतो.

खजिनदार: तक्ता आणि तुमच्या खात्याचा उतारा आत्ता पर्सनलवर टाकते. ॲग्रीमेंटची आणि मंजूर नकाशाची प्रत काढून ठेवा. सोमवारी अकराला वॉर्डात जाऊ.