मदत हवी आहे: मिठात जगणारे सूक्ष्मजीव मुलांना कसे समजवावेत?

आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी मीठप्रेमी सूक्ष्मजीवांवर अर्ध्या तासाचं सत्र घ्यायचं आहे. विषय इतका सुंदर आहे की तो घाईत उरकावासा वाटत नाही.

सुरुवात ठरली आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के मीठ असतं, मृत समुद्रात त्याच्या जवळपास दहापट, आणि तिथेही जीव आहेत! काही मिठागरं गुलाबी दिसतात ती याच मंडळींच्या रंगद्रव्यांमुळे. चौकोनी आकाराचा हॅलोक्वाड्रॅटम तर मुलांना नक्की आवडेल.

अडतंय ते पुढे. खारट पाणी साध्या पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतं. ते दाखवायला काकडीच्या चकतीवर मीठ टाकणार आहे, सुटलेलं पाणी डोळ्यांना दिसतं. पण हॅलोबॅक्टेरियम हा मीठप्रेमी सूक्ष्मजीव स्वतःच्या आत पोटॅशियमचे क्षार भरून ठेवतो, म्हणून त्याचं पाणी बाहेर जात नाही. उलट त्याला साध्या पाण्यात टाकलं तर तो फुटतो. हा भाग रसाकर्षण (ऑस्मोसिस) हा शब्द न वापरता कसा सांगाल? एखादा खेळ सुचतो का?

दुसरं म्हणजे, नावात बॅक्टेरियम असूनही हॅलोबॅक्टेरियम हा आर्किया गटातला, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण त्यांच्याहून वेगळ्या सूक्ष्मजीवांपैकी. सॅलिनिबॅक्टर हा दुसरा मीठप्रेमी मात्र खराखुरा जिवाणू. या वयात हा फरक सांगावा का? चुकीचं शिकवायचं नाही, पण गोंधळही नको. ज्यांनी लहान मुलांना असं काही शिकवलं आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.