मदत हवी आहे: डिसेबल्ड बेमध्ये (अपंगांच्या राखीव जागेत) गाडी लावल्याबद्दल १०० पौंडांचं पत्र, आईकडे ब्लू बॅज (अपंगांचा पार्किंग परवाना) नाही (इंग्लंड)

तिठा, २८ मार्च

नमस्कार. आम्ही रेडिंगला राहतो. आई जानेवारीत मिरजेहून आलीये, व्हिजिटर व्हिसावर. मेच्या पहिल्या आठवड्यात परत जाईल. वय ७१. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, हातात एक कुबडी. भारतातलं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे, ६० टक्के. (कार्डावर ‘दिव्यांगजन’ लिहिलंय. ती स्वतःला सरळ ‘लंगडी’ म्हणते आणि आम्ही दचकलो की हसते.)

शनिवारी, ८ मार्चला, इथल्या एका मोठ्या सुपरमार्केटात गेलो. साध्या जागा रिकाम्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण दोन्ही बाजूंना गाड्या असल्या की साध्या जागेत दार हातभरच उघडतं, आणि आईला ते चालत नाही. कॅलिपरला गुडघ्याशी कडी असते. गाडीत बसताना ती वर ओढून पाय वाकवायचा. उतरताना पाय दाराबाहेर सरळ काढायचा, कडी खट्‌कन खाली पडली की मगच त्या पायावर भार द्यायचा. म्हणजे पाय ताठ, दार सताड उघडं आणि कुबडी टेकायला बाजूला जागा, तिन्ही एकदम लागतं. म्हणून गाडी पिवळे पट्टे मारलेल्या रुंद जागेत लावली आणि डॅशबोर्डवर आईचं यूडीआयडी कार्ड ठेवलं. ते इथे चालतं अशी आमची भाबडी समजूत.

काल, २७ तारखेला, एका खासगी पार्किंग कंपनीचं पत्र आलं. पत्रावर तारीख २५ मार्च. ‘वैध ब्लू बॅज न दाखवता डिसेबल्ड बेचा वापर’, १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. सोबत तीन फोटो. गंमत म्हणजे एका फोटोत आईचं कार्ड स्पष्ट दिसतंय.

प्रश्न तीन. हे लढवता येईल का? आईला आत्ता ब्लू बॅज मिळेल का? आणि तिसरा आईचा, ती कालपासून नीट झोपलेली नाही: “माझ्या व्हिसावर येईल का गं हे?”

संपादन: खालच्या सल्ल्यावरून एक वाक्य काढलं आहे.

जुना भाडेकरू, २८ मार्च

खासगी कंपनीचं ना? फाडून टाका. पोलीस नाहीत, कौन्सिल नाही. मी २०११ मध्ये दोन पत्रं केराच्या टोपलीत टाकली होती, आजतागायत कोणी दारात आलेलं नाही.

कोरडवाहू, २८ मार्च

तिठाताई, सगळ्यात आधी एक काम करा. गाडी कोण चालवत होतं ते तुम्ही लिहिलंय. ते वाक्य आत्ताच्या आत्ता काढा. कारण नंतर सांगतो.

भाडेकरूसाहेब, २०११ चा सल्ला २०११ मध्ये बरोबर होता. २०१२ मध्ये प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायदा आला. त्याच्या चौथ्या परिशिष्टानुसार चालक कोण ते कळलं नाही तरी इंग्लंड-वेल्समध्ये कंपनी गाडीच्या रजिस्टर्ड कीपरकडून (ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्याकडून) पैसे मागू शकते, मात्र ठरलेल्या अटी पाळल्या तरच. २०१५ मध्ये पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ८५ पौंडांचा चार्ज कायम ठेवला. तेव्हापासून ‘हे कोर्टात टिकत नाही’ ही गोष्ट संपली. आता कंपन्या काउंटी कोर्टात जातात. दुर्लक्ष केलंत तर एकतर्फी निकाल लागतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं क्रेडिट फाइलवर बसतो.

ताई, आता दोन गोष्टी सांगा. काचेवर त्या दिवशी काही चिकटवलं होतं का? आणि लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) नाव कोणाचं?

तिठा, २८ मार्च

वाक्य काढलं. काचेवर काही नव्हतं, फक्त हे पोस्टानं आलेलं पत्र. लॉगबुक नवऱ्याच्या नावावर, पत्रही त्याच्याच नावानं.

नीलकांती, २८ मार्च

कटू वाटेल, तरी लिहिते. माझा नवरा नऊ वर्षं व्हीलचेअरवर आहे. बॅजसाठी आम्ही फॉर्म भरले, डॉक्टरांचे कागद जोडले, तीन महिने वाट पाहिली. आणि दर शनिवारी त्या जागांवर ‘पाचच मिनिटं’ म्हणत गाड्या उभ्या असतात. प्रत्येकाकडे एक कारण असतंच. नियम ब्लू बॅजचा आहे. भारतातलं कार्ड त्या वॉर्डनला कसं कळणार? साठ पौंड भरा आणि विषय संपवा.

तिठा, २९ मार्च

नीलकांती, तुमचा राग मी समजू शकते. आई पण हेच म्हणाली: “चुकलं असेल तर भर आणि मोकळी हो.” पण मला अजून कळत नाहीये की चुकलंय काय.

कोरडवाहू, २९ मार्च

सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा. मी वकील नाही, पण अशी चार पत्रं लढवली आहेत.

पहिलं, हा दंड नाही. कौन्सिल देते ती पेनल्टी चार्ज नोटीस, ही पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींना पीसीएन म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. तुमच्या हातात आहे ते करार मोडल्याबद्दलचं बिल. पाटीवरच्या अटी म्हणजे करार, असं त्यांचं म्हणणं.

दुसरं, तारखा. काचेवर काही लावलं नसेल तर कीपरला जबाबदार धरण्यासाठी पत्र १४ दिवसांत पोचावं लागतं, आणि दिवस मोजायचे घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून. ९ मार्चपासून मोजा: शेवटचा दिवस २२ मार्च. तुमच्या पत्रावरच २५ तारीख आहे! त्यांनी घोडचूक केली आहे. आता ते फक्त चालकाकडे पैसे मागू शकतात, आणि चालक कोण हे त्यांना ठाऊक नाही. डीव्हीएलएकडून (सरकारी वाहन नोंदणी खात्याकडून) अडीच पौंड भरून त्यांना कीपरचं नाव मिळतं, चालकाचं नव्हे. खासगी कंपनीला चालकाचं नाव सांगायचं बंधन कीपरवर नाही. म्हणून ते वाक्य काढायला लावलं. अपील नवऱ्याच्या नावानं, ‘गाडीचा रजिस्टर्ड कीपर या नात्याने’ अशी सुरुवात करून. ‘मी गाडी लावली’, ‘आम्ही उतरलो’ असलं काही नको. ‘चालकाने’, ‘प्रवाशाने’ असंच लिहा.

तिसरं, ब्लू बॅज. नीलकांतीताईंची चीड रास्त आहे, पण ब्लू बॅज ही मुळात रस्त्यावरच्या पार्किंगसाठीची योजना आहे. खासगी जागेत तिला कायद्यानं आपोआप वजन येत नाही. तिथे लागू होतो समानता कायदा, २०१०. सेवा देणाऱ्यानं अपंग ग्राहकासाठी वाजवी सोय करायची, हे त्याचं कर्तव्य. रुंद जागा ही तीच सोय. आणि अपंग कोण, तर ज्याला दैनंदिन व्यवहारात ठळक अडचण आहे आणि ती किमान वर्षभर टिकणारी आहे तो. बॅजचा त्या व्याख्येत उल्लेख नाही, व्हिसाचाही नाही. सत्तर वर्षांचा पोलिओ त्यात बसतो की नाही, यावर वाद घालणारा माणूस मला बघायचाय.

बॅजबद्दल: तो इथल्या रहिवाशांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर कौन्सिल देणार नाही. खटाटोप करू नका.

खवट, २९ मार्च

म्हणजे तारखेच्या पळवाटेनं सुटायचं. छान.

कोरडवाहू, २९ मार्च

खवटराव, ती पळवाट नाही. कीपरला धरण्याची सवलत कंपन्यांना याच अटीवर मिळाली आहे. त्यांनी मुदत चुकवायची आणि आपण १५ व्या दिवशी भरले तर मात्र ६० चे १००?

तिठा, २९ मार्च

कोरडवाहू, खूप आभार. पण खरं सांगू? मला तारखेवर जिंकायचं नाहीये. त्यांच्याच फोटोत कार्ड आहे. त्यांनी ते बघितलं, फोटो काढला आणि बिल पाठवलं. मला ते लिहायचंय.

कोरडवाहू, २९ मार्च

लिहा की. दोन्ही लिहा, फक्त तारीख आधी. पाय, कडी, दार हे जसं इथे लिहिलंत तसंच लिहा, ‘गंभीर अपंगत्व’ वगैरे भारदस्त शब्द नकोत. त्यांचा फोटो त्यांनाच जोडा.

अपील १४ दिवसांच्या आत करा, म्हणजे फेटाळलं तरी ६० ची सवलत पुन्हा देतात. फेटाळलं तर पत्राच्या तळाशी कुठल्या संघटनेचं चिन्ह आहे ते बघा. ब्रिटिश पार्किंग असोसिएशन असेल तर पुढचं अपील पोपलाकडे, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी असेल तर आयएएसकडे. पोपला फुकट असतं, २८ दिवसांची मुदत, त्यांचा निकाल कंपनीवर बंधनकारक पण तुमच्यावर नाही. मात्र तिथे गेलात की सवलत जाते. आणि पोपला कीव करत नाही, चार्ज नियमात बसतो का एवढंच बघतं.

पण या सगळ्याच्या आधी दुकानात जा. जागा त्यांची आहे, कंपनीला त्यांनीच नेमलंय, चार्ज रद्द करायला ते सांगू शकतात. ईमेल नको. आईंना घेऊन, त्या दिवसाची बिलाची पावती घेऊन, मॅनेजरला समोरासमोर भेटा.

आईंना सांगा निवांत झोपा. त्या ना चालक, ना कीपर. हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नाही, आणि तो त्यांच्या नावावर येऊच शकत नाही. काळजी घ्यायची ती नवऱ्यानं: नागरिकत्वाच्या अर्जात दिवाणी निकालांबद्दल विचारतात. म्हणून काहीही झालं तरी कोर्टाचं पत्र आलं तर मुदतीत उत्तर द्यायचं. वसुली एजन्सीची लाल अक्षरातली पत्रं येतील, त्यांना कसलाही अधिकार नसतो. ती जपून ठेवा, घाबरू नका.

नीलकांती, ३० मार्च

कडीचं परत वाचलं. ह्यांचं पण तसंच, दार पूर्ण उघडलं नाही तर गाडीतून खुर्चीत सरकायची फळी लागतच नाही. ठीक आहे, मागे घेते. पण पुढच्या वेळी आधी काउंटरवर जाऊन गाडीचा नंबर देऊन या. बरीच दुकानं लिहून घेतात.

तिठा, २६ एप्रिल

उशीर झाला, पण अपडेट.

५ एप्रिलला दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं आधी “पार्किंग आमच्याकडे नाही, कंपनीकडे लिहा” सांगितलं. मॅनेजर येईपर्यंत आईला खुर्ची दिली. मॅनेजर आला तेव्हा आई उठायच्या तयारीत होती. पाय सरळ केला, कडी पडली. तो आवाज ऐकून त्यानं खाली बघितलं. मी मोठं भाषण पाठ करून गेले होते, त्यातलं अर्धं राहून गेलं. त्यानं पत्राचा आणि बिलाचा फोटो काढला आणि ईमेल करतो म्हणाला.

नवऱ्यानं त्याच रात्री अपीलही टाकलं, तारीख आधी, पाय नंतर. १७ तारखेला कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं: ‘सद्भावना म्हणून’ चार्ज रद्द. मुदत चुकल्याचा उल्लेख नाही, फोटोतल्या कार्डाचाही नाही. मला त्या ‘सद्भावने’वर पुन्हा लिहायचं होतं, नवऱ्यानं लॅपटॉप मिटवला.

नीलकांती, गाडीचा नंबर काउंटरवर देऊन ठेवलाय, ५ मेपर्यंत. आईला उत्तर वाचून दाखवलं तर म्हणाली, “मग त्या पोरीला पेढे नेऊन द्यायला हवेत.” इथे पेढे कुठले, काल बेसनाचे लाडू वळले. आज नेऊन देतोय.

जुना भाडेकरू, २६ एप्रिल

माझी ती २०११ ची पत्रं खरंच टोपलीत गेली का, ते आता शोधतोय.