समृद्धी महामार्गावर ११३ च्या स्पीडचं चलान, २००० रुपये. वकील लावू की भरून टाकू?

धंतोलीचा_पोरगा
नमस्कार मंडळी, जरा मोकळेपणानं सांगा. मागच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन मामाकडे वर्ध्याला गेलो होतो, नागपूरजवळ शिवमडक्याहून समृद्धीला लागलो आणि येळाकेळीला उतरलो, एवढाच प्रवास. आठ दिवसांनी बाबांच्या मोबाईलवर मेसेज, ओव्हरस्पीडचं चलान, २००० रुपये. गाडी बाबांच्या नावावर आहे, चालवत मी होतो. उघडून पाहिलं तर स्पीड ११३ आणि लिमिट १०० लिहिलंय. आता आपली अर्टिगा, सात सीटर, समृद्धीवर कारला १२० आहे ना? मग ११३ ला चलान कसं काय?
ओळखीच्या एका वकिलांना विचारलं तर ते ६००० म्हणून राहिले, वर दोन-तीन तारखा लागतील म्हणे. पैशाच्या हिशेबानं भरून मोकळं व्हावं. पण बाबांना ते पटूनच नाही राहिलं. चाळीस वर्षं झाली त्यांना गाडी चालवून, लुनापासून, एकदाही पावती फाटली नाही आणि आता चूक नसताना नावावर हे लागलं म्हणून दोन दिवस नीट जेवले नाहीत. स्टिअरिंग माझ्या हातात होतं त्यामुळे मलाच जास्त लागतंय. काय करू?

इतवारीकर
भाऊ भरून टाका अन् मोकळे व्हा. माह्यावर सिग्नल तोडल्याचं होतं, मी बी असाच तावातावानं सिव्हिल लाइन्सले कोर्टात गेलो, तीन तारखा झाल्या, तिन्ही दिवस दुकान बंद, शेवटी दंड भरलाच. दोन हजारासाठी एवढं कायले करता? बाबांले समजावून सांगा, चलान म्हणजे काही चोरी नोहे.

ज्युनिअर_वकीलताई
इतवारीकर दादा, तुमच्या केसमध्ये सिग्नल तुटला होता, इथं गोष्ट वेगळी आहे. मी कोर्टात ज्युनिअर म्हणून काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.
समृद्धीवर सपाट भागात आठ प्रवाशांपर्यंतच्या गाडीला १२०, नऊ किंवा जास्त प्रवाशांच्या गाडीला १०० आणि मालवाहू गाडीला ८० आहे. घाटात कारलाही १०० च. वर्ध्यापर्यंत घाट नाही. म्हणजे तुमच्या चलानवर १०० आलं ते एकतर गाडीचा प्रकार चुकीचा धरल्यामुळे, नाहीतर त्या जागी लिमिट तेवढ्यापुरतं कमी केलं होतं. दुसरं असेल तर चलान बरोबर आहे आणि गुपचूप भरायचं. पहिलं असेल तर अजिबात भरू नका, कारण एकदा भरलं की प्रकरण मिटलं, नंतर आपण बरोबर होतो हे सांगायला जागा उरत नाही.
आणि एक कळकळीनं सांगते, उगाच सगळेच मुद्दे उकरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ नावाचा नियम आहे, त्यात कॅमेऱ्याच्या मशीनला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नवं करायचं असतं, नोटीस ठराविक मुदतीत यायला पाहिजे, कॅमेऱ्याआधी बोर्ड पाहिजे, हे सगळं आहे. लोक यावरूनच भांडायला लागतात. तुमची नोटीस ८ दिवसांत आली, तो मुद्दा ओढत बसू नका. मशीन खोटं आहे असंही म्हणू नका, ११३ सरळ मान्य करा. तुमचं म्हणणं एका ओळीचं आहे, या गाडीला इथं १२० चालतं. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, आसनक्षमता ७ लिहिलेली आहे, तोच पुरावा.
आधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका, आरसी आणि चलानचा फोटो जोडून. त्याला वकील लागत नाही. तिथं नाही म्हटलं आणि प्रकरण व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन कोर्टात गेलं तर दंड भरा किंवा केस लढवा असे दोन पर्याय येतात, लढवायचं म्हटलं की ते नेहमीच्या मॅजिस्ट्रेटकडे जातं. वकिलाचा विचार तेव्हा करा. गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर मालकाला सांगावंच लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम १३३, त्यामुळे बाबांना तुमचं नाव सांगू द्या, लपवू नका.

मानकापूर_ट्रॅव्हल्स
ताईंनी बरोबर सांगितलं पण भाऊ आधी तो स्पॉट पाहून या. चलानमध्ये ठिकाण असते. मी आठवड्यातून दोनदा त्या रोडनं जातो, काम सुरू असलं की मधातच कमी स्पीडचे बोर्ड लागतात आणि आपण १२० च्या नादात असतो, दिसतच नाही. डॅशकॅम असेल तर त्या दिवसाची क्लिप आजच काढून ठेवा, जुनं रेकॉर्डिंग मिटून जाते.
आणि कॅमेऱ्यावर राग काढू नका. १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ बस जळून २५ लोकं गेले, ती नागपूरहूनच निघाली होती. तेव्हापासून माझी बायको मी पोचल्याचा फोन येईपर्यंत झोपत नाही. उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर टायर किती तापते ते हात लावून पाहा एकदा, १२० चालते म्हणून १२० नेच जायला पाहिजे असं नाही.

धंतोलीचा_पोरगा
ताई, मानकापूरवाले दादा, खूप आभार. ऑफिसात एक जण म्हणे लोकअदालतीपर्यंत थांब, कमी होऊन जाते. ते कसं राहील?

ज्युनिअर_वकीलताई
लोकअदालत तडजोडीसाठी असते. चूक आपली असेल आणि दोन्हीकडून मिटवायचं असेल तर उत्तम. पण तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. तुमच्या बाबांना सूट नकोय, चूक नव्हती असं लिहून पाहिजे आहे. मग तिथं कशाला जाता? हजार रुपये वाचतील पण बाबांचं जेवण पुन्हा अडेल.
कोणाला पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगते, गाडी बाईच्या नावावर असेल आणि केस तिच्यावर असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इथं मालक बाबा आहेत म्हणून ते लागू नाही.

धंतोलीचा_पोरगा
काल रविवारी बाबांना घेऊनच गेलो, चलानमधल्या ठिकाणी गाडी हळू करून पाहिलं, थांबलो नाही. त्याच्या आधी कारचा बोर्ड १२० चा, दुसरा काही नाही. पण तो कालचा झाला, म्हणून त्या दिवसाची डॅशकॅमची क्लिप शोधली, मिळाली, त्यातही १२० च दिसतोय. रात्री बाबांनी स्वतः बसून तक्रार लिहिली, चार ओळी, मी फक्त टाइप केली आणि आरसी जोडली. वकिलांना सध्या थांबा म्हटलं. उत्तर आलं की इथंच टाकतो.