मदत हवी आहे: फक्त कृष्णधवल कॅमेरा घ्यावा का? (भंडारा, कुंकू आणि चुलीपुढचा अंधार)

मंडळी, धागा जरा लांबणार आहे. पण प्रश्न दीड-दोन लाखांचा आहे, त्यामुळे सगळं सांगून टाकतो.

माझ्याकडे फुजीचा एक्स-टी३ आहे, सोबत १८-५५ झूम आणि ३५ एमएम एफ/२. घरची बारशी-मुंजी सोडली तर गेल्या चारेक वर्षांत एकही फोटो मी रंगीत ठेवलेला नाही. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढायची, घरी येऊन रंग उतरवायचे आणि मग लाल-पिवळ्या-हिरव्याचे स्लायडर ओढत रात्री बारापर्यंत बसायचं. तेव्हा मनात आलं, की जे नकोच आहे ते टिपायचं तरी कशाला?

दिवाळीत भाचा आला होता. त्याच्याकडे लायकाचा क्यू२ मोनोक्रोम, म्हणजे फक्त कृष्णधवल टिपणारा कॅमेरा, २८ एमएम एफ/१.७ ची न निघणारी लेन्स. दोन दिवस तो माझ्याच गळ्यात होता.

पहिल्या दिवशी आत्याकडे गेलो. तिन्हीसांजेची वेळ, स्वयंपाकघरात एक मिणमिणता दिवा आणि चूल. आत्या भाकरी थापत होती. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १२,५०० वर ठेवून फोटो काढला आणि रात्री मोठ्या पडद्यावर पाहिला. काठवटीच्या कडेला वाळून चिकटलेलं पीठ दिसतंय, तिच्या मनगटावरची शीर दिसतेय, मागच्या भिंतीवरच्या काजळीतसुद्धा दोन-तीन छटा आहेत. नॉइज (दाणेदारपणा) आहे, पण बारीक रव्यासारखा, एकसारखा. माझ्या फुजीवर ६४०० च्या पुढे अंधारात रंगीत ठिपके येतात आणि ते काढायला गेलं की काजळीचा नुसता चिखल होतो. त्या रात्री मी मनातल्या मनात कॅमेरा घेऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी जेजुरी. येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला गेला, मी दहा-बारा फोटो ओढले. घरी येऊन बघतो तर लोकांवर कुणीतरी गव्हाचं पीठ फेकल्यासारखं दिसतंय! पिवळा भंडारा जवळजवळ पांढरा, मागे दुपारचं आभाळही पांढरं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेलं. वर हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) उडालेले, तिथून काही म्हणजे काही परत येईना. तिथेच माझ्या फुजीवर काढलेल्या फोटोत पिवळा स्लायडर खाली ओढला, तर भंडारा धुरासारखा दाट राखाडी झाला आणि त्यातून चेहरे वर आले.

लायका माझ्या आवाक्यातला नाही. एम११ मोनोक्रोम तर २०२३ साली आला तोच ९,००० डॉलरच्या वर. त्याच वर्षी आलेला पेंटॅक्स के-३ मार्क थ्री मोनोक्रोम २,२०० डॉलरच्या आसपास होता. ओढाताण करून तो जमेल, पण मग फुजी आणि दोन्ही लेन्सा विकाव्या लागतील. घ्यावा का? घेतला तर लेन्स कोणती? आणि भंडाऱ्याचं काय करायचं?

बायकोचं म्हणणं: "रंग काढून टाकलेल्या टीव्हीचे जास्त पैसे मागणारा दुकानदार मला एकदा दाखवाच."

प्रतिसाद: गल्लीबोळ

वहिनींना नमस्कार सांगा. काही झालं तरी फुजी विकू नका. मुलीच्या लग्नात शालूचा रंग विचारतील तेव्हा काय दाखवाल?

प्रतिसाद: लालदिवा

मी डार्करूमच्या काळातला माणूस, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही दोन दिवसांत जे पाहिलंत त्यात या कॅमेऱ्याचं सगळं गुणावगुण आलं. रंगीत सेन्सरच्या (फिल्मच्या जागी बसवलेल्या चिपच्या) प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा इवलासा फिल्टर बसवलेला असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं १९७६ चं पेटंट, त्यात निम्मे हिरवे आणि पाव-पाव लाल-निळे. तुमच्या फुजीत मांडणी वेगळी आहे, ३६ पैकी २० हिरवे, ८ लाल, ८ निळे. पण तत्त्व तेच. हे फिल्टर बराच प्रकाश गिळतात, ढोबळमानाने एक स्टॉप, म्हणजे निम्मा, धरा. शिवाय प्रत्येक पिक्सेलला एकच रंग कळतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरायचे. मोनोक्रोममध्ये ही भानगडच नाही. आत्याच्या मनगटावरची शीर तिथून आली.

पण हेच फिल्टर गेल्यामुळे पिवळा कुठला आणि पांढरा कुठला हे फाइलला माहीतच नसतं. ओढायला स्लायडर नाही. हायलाइटचंही तेच. रंगीत रॉमध्ये एक रंग उडाला तरी बाकीच्या दोघांत काहीतरी शिल्लक असतं, त्यातून सॉफ्टवेअर डागडुजी करतं. इथे उडालं ते उडालंच. म्हणून मोनोक्रोमवर मुद्दाम एखादा स्टॉप कमी एक्स्पोजर देतात आणि सावल्या नंतर उचलतात. सावल्यांना तो सेन्सर भलताच उदार असतो.

आता भंडारा. पिवळा गडद करायचा तर लेन्सवर निळा फिल्टर हवा. ८०ए हा निळा फिल्टर लावलात तर दोन स्टॉप प्रकाश जातो, आणि भंडाऱ्याबरोबर माणसांचे चेहरेही काळवंडतात. गर्दीत, अंगावर हळद उडत असताना, फिल्टर काढणार-घालणार कधी? ज्याला भंडारा टिपायचाय त्याने खुशाल रंगीत कॅमेरा वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक घरगुती प्रयोग सांगतो. तबकात हळद, कुंकू, बुक्का आणि एक हिरवा खण ठेवा. खिडकीच्या उजेडात तुमच्या फुजीवर अॅक्रॉस या कृष्णधवल मोडमध्ये फोटो काढा: एकदा साधा, मग त्यातलेच पिवळा, लाल आणि हिरवा फिल्टर लावून. बघा काय होतं ते.

प्रतिसाद: कातळकडा

माझ्याकडे के-३ मोनोक्रोम आहे, दीड वर्ष झालं. मी फक्त किल्ले आणि घाट करतो. ओला कातळ, शेवाळ, पायऱ्यांची झीज यासाठी याला तोड नाही.

दोन गोष्टी मात्र आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून तुम्हाला जग रंगीतच दिसतं, कारण तो आरशाचा कॅमेरा आहे. फुजीत डोळा लावला की कृष्णधवल दिसण्याची सवय झाली असेल, तर ती मोडावी लागेल. दुसरं म्हणजे मी मोठ्या हौसेने लाल २५ए फिल्टर घेतला आणि पहिल्याच पावसाळ्यात राजगडावर गेलो. काडीचा उपयोग झाला नाही. लाल फिल्टर निळं आभाळ काळं करतो आणि हिवाळ्यातली दूरची विरळ धूसर कापतो. धुक्याचे थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, त्याला लाल काय करणार! तीन स्टॉप प्रकाश तेवढा गेला. आता पावसाळ्यात पिवळट-हिरवा लावतो, गवत उजळतं आणि कातळ जागचा हलत नाही.

लेन्सबद्दल: ४९ एमएमच्या फिल्टरचा एकच संच घ्या आणि त्याला बसणाऱ्या लेन्सा शोधा. डीए ३५ एफ/२.४ स्वस्तातली आहे, एफए ४३ लिमिटेड महाग. जुनी पेंटॅक्स-एम ५० एफ/१.७ मिळाली तर सोडू नका. हाताने फोकस, हिरवं बटण दाबून मीटरिंग (प्रकाश मोजणं), पण बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) तिच्यावरही चालतं. फोकल लेन्थ तेवढी हाताने भरायची.

प्रतिसाद: लालदिवा

कातळकडांच्या लेन्सच्या यादीला एक पुरवणी. मोनोक्रोमवर लेन्सची रंगदोषाची सवय लपत नाही, वेश बदलते. रंगीत फोटोत फांदीच्या कडेला जी जांभळी किनार दिसते ती सॉफ्टवेअर ओळखतं आणि पुसतं. कृष्णधवल सेन्सरवर तीच किनार राखाडी धूसरपणा होऊन बसते, आणि ओळखायला रंगच नसल्यामुळे पुसता येत नाही. पूर्ण उघड्या अॅपर्चरवर (लेन्सच्या झरोक्यावर) जुनी लेन्स मऊ वाटली तर एक-दोन स्टॉप बंद करा, किंवा पिवळा-हिरवा फिल्टर लावा. कमी रंगांचा प्रकाश आत आला की कड सुधारते.

आणि जुन्या लेन्सचा कमी काँट्रास्ट इथे दोष समजू नका, हायलाइट वाचवायला त्याची मदतच होते.

प्रतिसाद: अर्धापाव

माझा प्रश्न बाळबोध असेल, पण आहे त्याच कॅमेऱ्याच्या सेन्सरवरून ते फिल्टर खरवडून काढता येत नाहीत का? व्हिडिओ पाहिला होता.

प्रतिसाद: लालदिवा

काढतात काही धाडसी लोक. फिल्टरबरोबर त्यावरची सूक्ष्म भिंगंही जातात, म्हणजे वाचवलेला प्रकाश बराचसा तिथेच गमावला. हात चुकला तर सेन्सर कायमचा गेला. चालू कॅमेऱ्याला हात लावू नका, ही विनंती.

धागालेखक:

सगळ्यांचे आभार. तबकाचा प्रयोग रविवारी सकाळी केला. (खण कपाटातून काढल्याबद्दल बोलणी खाल्ली.)

साध्या मोडमध्ये कुंकू आणि हिरवा खण जवळजवळ एकाच राखाडीत! नुसत्या डोळ्यांना इतके विरुद्ध दिसणारे दोन रंग शेजारी ठेवले, तर मधली कडसुद्धा नीट शोधावी लागली. हळद पांढरटच, बुक्का काळाच. लाल फिल्टरवर कुंकवाचा ढीग खडूच्या भुकटीसारखा झाला आणि खण काळा. हिरव्यावर बरोबर उलटं, कुंकू गडद.

मग बायकोला खिडकीत बसवून लाल मोडमध्ये फोटो काढला, तर कपाळावरचं कुंकू गायब! त्वचा गुळगुळीत, वय दहा वर्षांनी कमी, पण कुंकू नाही. हा फोटो तिला दाखवायची सोय नाही. भिंतीवरच्या पणजीच्या फोटोत मात्र कुंकू ठळक काळं आहे, त्याचं नवल वाटलं.

प्रतिसाद: लालदिवा

नवल नाही. त्या काळच्या फोटोच्या बऱ्याच काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. लाल म्हणजे काळं. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा, आणि माझं इथलं नावही तेच.

तुमच्या चुलीपुढच्या अंधाराबद्दल एक सुचवतो. तुमची ३५ एफ/२ आहे. तिच्याजागी एफ/१.४ (आकडा लहान, तोंड मोठं) घेतलीत तर एक स्टॉप मिळतो, साधारण तेवढाच जेवढा सेन्सरवरचे फिल्टर खातात. फोकसमधली खोली कमी होईल आणि काजळीतल्या छटा पूर्ण यायच्या नाहीत, पण खर्च कितीतरी कमी. आणि जेजुरी हातची जाणार नाही.

धागालेखक:

हे पटलं. भाचा संक्रांतीला परत येतोय, तेव्हा त्याचा कॅमेरा आणि एफ/१.४ लावलेला फुजी असे दोन्ही घेऊन आत्याकडे जाणार. तीच चूल, तीच वेळ, आणि दोन्हींचे ए३ प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवणार. पडद्यावरच्या फरकावर माझा आता भरवसा उरला नाही.

तोवर एकच हवंय: कुणाकडे पडून असलेली फुजीची जुनी ३५ एफ/१.४ आहे का? पुण्यात कुठेही येऊन पाहून घेईन. फोकसचा घरघर आवाज येतो हे माहीत आहे, त्यावरून भाव करणार नाही. बुरशी असेल तर मात्र आधी सांगा.